बाळसं

“अगं बया! अंबू का गं तू? मी तर वळखलंच न्हाय की. काय बाळसं धरलंस!” असं म्हणून बजाबाईनं तिच्या गालाला दोन बोटं लावली आणि अंबूबाईनं झटकन तोंड मागं घेतलं. तसं बघितलं तर घडलं काहीच नव्हतं. सात रस्त्यावरून मजरेवाडीकडं निघालेली शेअर रिक्षा, आत कोंबलेली माणसं, वैशाखातलं डोकं भणाणून सोडणारं ऊन, आणि शेवटच्या क्षणाला पदर सावरत आत घुसलेली ही बजाबाई. दहा वर्षांमागं दोघी एकाच पत्र्याखाली शेजारशेजारच्या चुलींवर भाकरी थापायच्या. आता ती लेकाकडं होटगी रोडला राहते. जुनी मैत्रीण दिसली म्हणून बाई मायेनं बोलली, एवढंच. गेली दोन वर्षं अंबूबाई हेच ऐकत होती, किराणा दुकानात, पाण्याच्या टँकरपाशी, लग्नाच्या पंगतीत. आणि दर वेळी तिला बरंच वाटायचं. का वाटू नये? जन्मभर जिला लोक काटकी म्हणाले तिला पन्नाशीनंतर कोणी भरली म्हटलं तर तिनं काय तोंड पाडायचं? पण आज तिच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट होतं, आणि तासाभरापूर्वी एका पोरसवदा डॉक्टरीणबाईनं याच गालावर, अगदी याच जागी, बोट टेकवून सांगितलं होतं, “मावशी, ही तब्येत नाही. ही सूज आहे, औषधाची.”

“काय खातीस गं? मला बी सांग की,” बजाबाईचं चालूच. “माजे गुडघे बघ, उटताना बसताना नुसती बोंबाबोंब. सून म्हनती, सासूबाई नाटकं करत्यात.” अंबूबाईनं पाकिटावर पदर ओढला. पोलक्याच्या आत, छातीपाशी, पुड्यांची पिशवी होती. घामानं ती अंगाला चिकटली होती आणि आज पहिल्यांदाच तिचा चटका बसल्यागत वाटत होतं. “काय न्हाय गं, घरचीच भाकरी,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे, सांगू नगंस बाई!” म्हणून बजाबाई फुरंगटली आणि रस्त्याकडं बघत बसली. बसू दे. कालची अंबूबाई असती तर तिनं पिशवीतनं दोन पुड्या काढून हातावर ठेवल्या असत्या आणि पुण्य मिळवलं म्हणून घरी गेली असती. रिक्षा गतिरोधकावरून उडाली तशी उजव्या जांघेत एक कळ अशी शिरली की तिचा श्वासच अडकला. ही कळ आताशा तिच्या ओळखीची झाली होती, पण आज तिला नाव मिळालं होतं. हाड मेलंय.

हाड मेलंय, असंच म्हणाली ती पोरगी. सकाळी सातला केसपेपरच्या रांगेत उभं राहून, मग भिंतीला टेकून, मग लाज सोडून फरशीवर पाय पसरून बसून, अकराला एकदाचा नंबर लागला. डॉक्टरीणबाईनं काळी फिल्म उजेडाकडं धरली. “हा डावा खुबा, बघा, गोळा कसा वाटोळा आहे. आणि हा उजवा. चपटा झालाय. आतलं हाड मेलंय, त्याला रक्तच पोचत नाही.” अंबूबाई बघत राहिली. त्यांच्या सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं मरायची, लांडग्यानं, रोगानं, कधी नुसतीच. मेलेलं काय असतं ते तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. पण जित्या बाईच्या आत एखादं हाड गुपचूप मरून पडतं आणि ती वर हिंडत असते, जेवत असते, भाकरी थापत असते, हे काही तिच्या डोक्यात शिरेना. मग डॉक्टरीणबाईनं काय काय विचारलं. कुठली पुडी, कोण देतं, किती दिवस. भूक वाढली का? वाढली की. जरा लागलं की कातडी निळी पडते का? पडती. तोंड कधीपासून भरलं? “त्या पुडीत स्टिरॉइड असणार. दुखणं दाबतं आणि हाड खातं. सांधा बदलावा लागेल मावशी, सरकारी योजनेत बसवू आपण. पण पुडी एकदम बंद करू नका हां, ते अंगावर येईल. या गोळ्या देते, हळूहळू कमी करायच्या. आणि ती पुडी घेऊन या, तपासायला पाठवू.” एवढं सगळं चांगल्या सुरात बोलून झाल्यावर, खाली मान घालून लिहिता लिहिता तिनं विचारलं, “घरात आणखी कोणी घेतं का?”

“न्हाय. मी एकलीच,” अंबूबाई म्हणाली. विचार करायलाही थांबली नाही. जीभ आपली आपण बोलून मोकळी झाली, आणि मग केसपेपरची घडी घालताना तिनं पोलक्यातली पिशवी वरनं चाचपली. पिशवीतल्या पुड्या एका माणसाच्या नव्हत्याच. निम्म्या तिच्या, निम्म्या पायलच्या. पायल म्हणजे तिच्या भावाची, रावजीची लेक. आई मेली तेव्हा नऊ वर्षांची होती, तेव्हापासून आत्याजवळच. आज दुपारी तिला चुडा भरायचा होता, आणि पुढच्या रविवारी लग्न.

खोटं बोलायची सवय तशी जुनीच. दुखणं सुरू झालं ते अंगठ्यापासून. सोलापूरची कडक भाकरी म्हणजे पापडासारखी पातळ आली पाहिजे. परातीत पीठ फिरवत फिरवत अंगठ्याच्या उशीनं अशी काही रेटायची की कड फाटता कामा नये. पंचवीस वर्षं विकायला म्हणून रेटली. मग अंगठे गेले, मग मनगटं, मग एका जागी बसून बसून गुडघे. गल्लीतल्या डॉक्टरनं पंधरा दिवसाला कमरेत सुई टोचली. तेलवाल्यानं लाल तेल दिलं, त्यानं कातडी सोलली आणि दुखणं जागच्या जागी. हाड बसवणाऱ्या एका बाबानं अंगठा धरून असा ओढला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. पालिकेच्या दवाखान्यात पांढऱ्या गोळ्या मिळाल्या, त्यांनी पोटात आग पडली. एका ठिकाणी शेक द्यायच्या खोलीत गोड बोलणारी मुलगी भेटली, तिनं कागदावर व्यायामाची चित्रं काढून दिली आणि बजावलं, खाली बसायचं नाही, मनगट वाकवायचं नाही, वजन उचलायचं नाही. हे सगळे लोक एक प्रश्न हमखास विचारायचे. काम काय करता? आणि अंबूबाई हमखास सांगायची, काय न्हाय, घरीच असते. एक तर भाकरी थापणं याला ती काम म्हणतच नव्हती. ती कारखान्यात थोडीच जात होती? आणि दुसरं, खरं, आतल्या आत तिला ठाऊक असलेलं कारण असं की जे काम सांगितलंच नाही ते बंद कर असं कोण कशाला सांगेल? मग डॉक्टर मान हलवायचे, वय झालं म्हणायचे, वाळकी तब्येत आहे, दूध घ्या म्हणायचे. एकानंही तिचा अंगठा हातात घेऊन बघितला नाही. कागदाकडं बघत विचारायचे, कागदाकडं बघत लिहायचे.

पुड्या देणाऱ्या मडिवाळप्पानं मात्र अंगठा हातात घेतला होता. होटगीहून पॅसेंजर धरून हद्दीपलीकडं, कानडी मुलखात जायचं, उतरून एक कोस चालायचं, आणि लिंबाच्या झाडाखाली बसायचं. तिथं मराठी, कानडी, तेलुगू, सगळ्या दुखऱ्या माणसांची एकच रांग. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, वय सत्तरीचं. त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरला आणि डोळे मिटले. किती तरी वेळ. अंबूबाईला वाटलं, नवरा गेल्यापासून आपला हात असा कोणी धरलाच नव्हता. आणि ती तिथंच, चारचौघांत, हमसून रडली. त्यानं तिचं रडणं होऊ दिलं. “मद्दु तगोरी,” म्हणून राखाडी भुकटीच्या पुड्या दिल्या, औषध घ्या म्हणून. “आराम आगतद.” आराम पडेल. आणि पडला की! तिसऱ्या दिवशी पहाटे ती उठली, चुलीपुढं बसली, पीठ मळलं, तीसेक भाकरी थापून झाल्या तेव्हा तिच्या ध्यानात आलं की काहीतरी चुकतंय, काहीतरी हरवलंय. दुखणंच नव्हतं. एवढ्या वर्षांचा सोबती कुठं उठून गेला? तिनं मूठ वळली, उघडली, वळली. उकिडवी बसली, उठली. मग वेड्यासारखी हसत तिनं पायलला उठवलं आणि म्हणाली, “बघ, बघ, माजा हात बघ!” तो मडिवाळप्पा वाईट माणूस होता असं रिक्षात बसूनसुद्धा तिला म्हणवत नव्हतं. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल पुडीत काय घालून देतात ते. कदाचित असेल. पण अंगठा धरला होता त्यानं.

पायलचं दुखणं वेगळं. वीस वर्षांची पोरगी, युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायची, आणि सकाळी उठली की बोटं अशी सुजलेली की वेणीची फणी धरवायची नाही. दहा-अकरा वाजेतोवर हात जणू दुसऱ्या कोणाचे. रावजी म्हणाला, मशीनमुळं असंल. गल्लीतला डॉक्टर म्हणाला, रक्त कमी आहे. आणखी एक शहाणा म्हणाला, लग्न झालं की आपोआप जाईल, ऐकून अंबूबाईनं त्याला मनात चार शिव्या हासडल्या. शेवटी एका मोठ्या डॉक्टरनं रक्त तपासून आजाराला नाव दिलं, लांबलचक, आणि जाड फाईल दिली. आमवात म्हणा, पण हा तरुणपणीचा, हा लवकर जात नाही. गोळ्या घ्यायच्या, दर महिन्याला रक्त बघायचं, आणि पुढं मूल हवं असेल तेव्हा आधी विचारायचं, गोळ्या बदलायला लागतील. रावजी चिंचोळी एमआयडीसीत वॉचमन, साधा माणूस. बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बशी तोंडाला लावता लावता थांबला आणि म्हणाला, “अक्के, फाईल झालेली पोरगी कोण करून घेतंय?” त्या रात्री फाईल पत्र्याच्या पेटीत तळाशी गेली. तिच्यावर गोधड्या आल्या.

तरी एक स्थळ जुळत आलं होतं. पोराकडची माणसं साखरपुड्याला आली, त्यांच्यातल्याच एका आजीला हौस, की पोरीला आमच्यासमोर बांगड्या भरा. काचेच्या बांगड्या भरायच्या म्हणजे कासारीण हात तेलानं चोळते, अंगठा तळव्यात दुमडते आणि बोटांची पेरं दाबत दाबत बांगडी वर सरकवते. हात मऊ तर संसार सुखाचा, असं बायका हसत म्हणतात. पायलची पेरं दाबली तशी पोरगी किंचाळली. नुसती आई गं म्हणाली नाही, किंचाळली, मेंढीच्या तोंडातनं येतो तसा आवाज. बांगडी पिचली, मनगटातून रक्त आलं. आजीनं नुसता पायलचा हात उचलून उजेडाकडं धरला, आणि चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जमत नाही. त्यानंतर पायल महिनाभर हात ओढणीखाली लपवून बसायची. जेवायलासुद्धा भिंतीकडं तोंड करून. ते अंबूबाईला बघवेना. एके सकाळी तिनं आपल्या वाटणीची पुडी सोडली, कोमट पाण्यात कालवली आणि पोरीच्या ओठाला लावली. “घे, बघ तरी. माजं गेलं न्हवं?” असं झालं ते. कोणी बळजबरी केली नाही, कोणी पैसे खाल्ले नाहीत. माया होती नुसती.

पाच-सहा दिवसांत पायलची बोटं सरळ झाली. गाल वर आले, कांती आली, बायका म्हणायला लागल्या, पोरगी उजळली. अभिमन्यूचं स्थळ आलं ते गेल्या कार्तिकात, वेळापूरकडचं, पोरगा चिंचोळीलाच कामाला, रावजीनं पाहिलेला, निर्व्यसनी. व्याहीण तर पहिल्या भेटीतच पायलच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, आमच्याकडची सगळी चिपाडं, अशी भरलेली सून पाहिजे होती. तेव्हापासून घरात एक रीतच पडून गेली. सकाळी चहाच्या आधी पायल दोन पुड्या सोडायची, एक आपली, एक आत्याची, आणि म्हणायची, “आत्या, आ कर.” अंबूबाई लहान पोरासारखं तोंड उघडायची. दोघी हसायच्या. पाऊस असो, थंडी असो, ही रीत कधी चुकली नाही.

आता सांगायचं कसं? सांगावं तर पोरगी पुडी टाकणार, पुडी टाकली की आठ दिवसांच्या आत बोटं फुगणार, मांडवात हळद लावताना सगळ्यांना दिसणार, आणि दुसऱ्यांदा मोडलेलं लग्न या जन्मी तरी पुन्हा जुळत नाही. न सांगावं तर बावीस वर्षांच्या पोरीचं हाड आतून मरणार. त्यात पोरं व्हायची, पाणी भरायचं, सासरी खाली बसून भाकरी थापायच्या. अंबूबाईनं डोळे मिटले तर तो चपटा गोळा दिसला, काळ्या फिल्मवर पांढरा, कोणीतरी अंगठ्यानं दाबल्यासारखा. “उतर की गं, आलं तुजं मजरेवाडी,” बजाबाईनं रुसवा सोडून हात दिला. “आनि लेकीचं लगीन केलंस तर बोलावशील का न्हाय?” अंबूबाई उतरली. उजवा पाय टेकताना ओठ चावला. आणि बोळातनं भिंत धरून चालताना तिनं ठरवून टाकलं, की सांगायचं. काय व्हायचं ते होऊ दे. लग्न मोडलं तर मोडलं, पोरगी तर राहील.

घरात बायकांचा कलकलाट. शिवबाई कासारीण पोत्यावर बसलेली, पुढं हिरव्या बांगड्यांचे तोडे, आणि पाटावर पायल, नव्या पिवळ्या साडीत, हात पुढं केलेला. कोणी तरी मोबाइल उभा धरला होता, त्यात वेळापूरची व्याहीण दिसत होती, “हात दावा की हात! न्हाय दिसंना हितनं!” अंबूबाई उंबऱ्याच्या आतच, चुलीपाशी बसली. विधवा बाईनं चुड्याजवळ जायचं नाही, हे कोणी सांगावं लागत नव्हतं. बसली म्हणजे काय, भिंतीला पाठ घासत खाली कोसळली. शिवबाईनं तेल चोळलं, अंगठा आत दुमडला आणि पेरं दाबली. अंबूबाईचं सगळं अंग कान झालं. पायल हसत होती. बांगडी पेरांवरून अशी सरकली जशी पाण्यातून सरकावी. दुसरी, तिसरी, सातवी. “हात हाय का लोनी!” शिवबाई म्हणाली, तिनं आयुष्यात हे शंभरदा म्हटलं असेल, पण बायकांनी गलका केला, मोबाइलमधली व्याहीण पदरानं डोळे टिपायला लागली. आणि अंबूबाई, जिनं भिंत धरून धरून एवढा निश्चय गोळा करून आणला होता, ती ते हात बघत बसली. सरळ, गोरेपान, मनगटापासून कोपरापर्यंत हिरवे. असे हात त्या पोरीला कधी मिळालेच नव्हते. हे हात आपण दिले, असं तिला वाटलं, आणि तिला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाची इतकी शिसारी आली की तिनं तोंड चुलीकडं वळवलं.

बायका गेल्या. दिवेलागण व्हायला आली. पायल चुलीपाशी आली, चहाचं आधण ठेवलं. “काय म्हनली डॉक्टरीण?” तिनं विचारलं, पाठमोरीच. अंबूबाईनं पाकिटातनं फिल्म काढली आणि चुलीच्या जाळासमोर धरली. जाळ तिच्यातून काळा-लाल दिसला. “हे बग. माजं खुब्याचं हाड मेलंय. पुडीनं. आपल्या पुडीनं, पायल. आतनं खातीया ती. तोंड भरतंय ते बाळसं न्हाय, सूज हाय. लगीन राहू दे, मोडू दे, मी बघते रावजीला काय सांगायचं ते, पन आजपासनं तू,” आणि ती थांबली, कारण पायल वळली नव्हती. तिनं साखर घातली, ढवळलं, भांडं उतरवलं. हे सगळं इतक्या बेतानं, की एकसुद्धा बांगडी वाजली नाही.

“मला माहीत हाय आत्या,” ती म्हणाली.

अंबूबाईला वाटलं, पोरगी फिल्मबद्दल बोलतेय. पण नाही. “पाळी येत नव्हती तीन महिने. कारखान्याजवळ एक बाई डॉक्टर हायत, त्यांच्याकडं गेलते. त्यांनी तोंड बघितल्या बघितल्या वळखलं. म्हनल्या, कुटली तरी पुडी खातीस. हाडं जात्याल म्हनल्या, साखर हुईल म्हनल्या. समदं सांगितलं.” कधी? अंबूबाईनं विचारलं तेव्हा तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “संक्रांतीच्या आदी.” चुलीतलं लाकूड तडतडलं. संक्रांतीच्या आधी. आणि जांघेत पहिली कळ आली ती शिमग्याला, पोळ्या लाटताना, तिला लख्ख आठवत होतं, लाटणं हातातून पडलं होतं आणि हीच पायल धावत येऊन म्हणाली होती, बस आत्या, मी लाटते. मधले दिवस तिच्या डोळ्यांपुढून गेले, एक एक सकाळ, चहाच्या आधीची. आत्या, आ कर. “मग मला का न्हाय सांगितलंस?” ती म्हणाली. “तू तर रोज तुज्या हातानं,” पुढचं तिला बोलवेना.

पायल समोर येऊन बसली. भरलेलं, वाटोळं, देखणं तोंड. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज सरळ होता, खोटं सांगायची शक्ती संपलेल्या माणसाचा असतो तसा. “सांगितलं असतं तर तू गेली असतीस व्हय आनायला? मला कोन देनार हुतं? तो म्हातारा तुलाच वळखतोय. तू बंद केली असतीस, मंजी माजीबी बंद. मला हात पायजे हुता आत्या. लग्नापुरता. मी म्हनलं, लगीन झालं की सांगीन तुला, दोघी बी सोडू. येवड्यात काय हुतंय म्हनलं.” मग ती रडायला लागली, बांगड्यांचे हात तोंडावर घेऊन, आणि आता त्या वाजल्या.

अंबूबाईला मारावंसं वाटलं. खरंच, हात उचलला तिनं. पण तो कोणावर टाकायचा? एवढीशी होती तेव्हा रात्री झोपेत आत्याचं बोट धरून ठेवायची ही. सकाळी दवाखान्यात “मी एकलीच” म्हणणारी बाई आणि ही पोरगी, दोघींत काय अंतर होतं? अंतर होतं, एक खुब्याचं. राग धड येईना, माफ धड करवेना. नुसतं सगळं अंग जड झालं, ओल्या गोधडीसारखं. तिनं पोलक्यात हात घालून पिशवी काढली. चूल पेटलेलीच होती. हात लांब केला असता तर काम झालं असतं. पिशवी जाळावर धरून ती बसून राहिली, बोटांना धग लागेपर्यंत. पायल बघत होती, तिनं अडवलं नाही. फक्त आपले दोन्ही हात मांडीवर, तळवे वर करून ठेवले, हिरवेगार, आणि बोटं हलकेच मिटली, उघडली, मिटली. जणू मोजून घेत होती, अजून किती दिवस. “लगीन झालं की चौथ्या दिवशी मी म्हायेरी येनार न्हवं का,” ती म्हणाली, “तवा जाऊ. तुज्या डॉक्टरनीकडं. दोघी जाऊ. तुजी आन.”

जाऊ. हा शब्द अंबूबाईनं स्वतः किती वेळा वापरला होता. दसरा झाला की जाऊ, थंडी गेली की जाऊ, तेवढी ऑर्डर होऊ दे मग जाऊ. तिला ठाऊक होतं की पोरगी खरं बोलत नाही, आणि हेही, की पोरीला स्वतःला ते खरंच वाटतंय. मग तिला डॉक्टरीणबाईचं वाक्य आठवलं, एकदम बंद करू नका. बुडत्यानं धरावं तसं तिनं ते धरलं. डॉक्टरीणच म्हनली की. एकदम बंद करायची न्हाय. आठ दिवसांनी काय फरक पडतोय? पिशवी जाळावरून मागं आली. तिनं गाठ सोडली, आत बघितलं, आणि सगळ्याच पुड्या, आपल्या वाटणीच्यासुद्धा, पायलच्या ओटीत टाकल्या. एक तेवढी हातात ठेवली. “आजची घेतलीस का?” तिनं विचारलं. पायलनं मान हलवून नाही म्हटलं. पहाटे आत्या पिशवी पोलक्यात घेऊनच निघून गेली होती, आज पहिल्यांदाच रीत चुकली होती.

पाण्याचा तांब्या हाताला लागेल असा नव्हता, तो चुलीपलीकडं. उठायला गेली तर खुब्यातून अशी कळ निघाली की ती तिथंच वाकडी झाली. पायल धरायला पुढं आली तशी अंबूबाई ओरडली, “हात नगं लावू, चुडा वाढंल!” आणि मग आपली आपण, एक तळवा भुईवर, एक भिंतीवर, ढुंगणावर सरकत सरकत तांब्यापर्यंत गेली, तशीच सरकत परत आली. पुडी सोडली, भांड्यात कालवली, आणि म्हणाली, “आ कर.” पायलनं डोळे मिटून तोंड उघडलं. मान मागं गेली, हात वर गेले, आणि सगळा हिरवा चुडा खळकन कोपराकडं घसरला. राखाडी पाणी घशातून खाली उतरताना दिसलं. अंबूबाईनं तिचा अंगठा आपल्या दोन्ही तळव्यांत धरला, किती तरी वेळ, आणि विचारलं, “दुखतंय का गं?”

“न्हाय आत्या,” पायल म्हणाली. “कुटंच दुखत न्हाय.”